घाईत कपडे घालतानाची इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिका बघताना किंवा परदेशी सहकाऱ्याशी बोलताना कपड्यांबद्दलची अगदी साधी वाक्यं आपल्याला चकवून जातात. 'थ्रो ऑन', 'स्लिप इंटू', 'डू अप', 'टक इन' यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर शाळेपासून ओळखीचा. जोडीनं आले की अर्थ हातातून निसटतो. क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या अशा जोडीलाच 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. पुढचे प्रश्न इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांकडून आणि परदेशात संसार थाटलेल्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मनातल्या मनात नको, मोठ्यानं वाचा.

'वेअर' येत असताना 'पुट ऑन' कशाला हवं?

कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. 'पुट ऑन' म्हणजे कृती. हात बाहीत गेला, डोकं गळ्यातून बाहेर आलं, संपलं. 'वेअर' म्हणजे त्यानंतरची स्थिती, कपडा अंगावर असणं. मराठीत 'घालणं' हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं आणि फरक आपण रूपात दाखवतो. 'बूट घालतोय' म्हटलं की अजून वाकलेला आहे, 'बूट घातलेत' म्हटलं की निघायला तयार. इंग्रजीत इथे क्रियापदच बदलावं लागतं.

घोटाळा होतो तो असा. खाली कॅब येऊन थांबलीय आणि तुम्ही परदेशी पाहुण्याला फोनवर सांगता, 'वन मिनिट, आय ॲम वेअरिंग माय शूज.' त्याला कळतं ते एवढंच की तुमच्या पायात बूट आहेत. मग एक मिनिट कशासाठी, हा प्रश्न त्याला पडतो. तिथे हवं होतं, 'आय ॲम जस्ट पुटिंग माय शूज ऑन.'

सवयीबद्दल बोलताना 'वेअर'च बरोबर. 'शी वेअर्स ग्लासेस' म्हणजे तिला चष्मा आहे. 'शी पुट्स ऑन हर ग्लासेस टू रीड' म्हणजे वाचायला बसली की ती चष्मा लावते.

स्थितीसाठी आणखी एक बोलीतला प्रयोग आहे, 'हॅव ऑन'. 'ही हॅड अ ब्लू शर्ट ऑन', त्यानं निळा शर्ट घातला होता. याला '-इंग' लावू नका. 'ही वॉज हॅविंग अ ब्लू शर्ट ऑन' असं कुणी म्हणत नाही.

ही क्रियापदं पाठ करायची तरी किती? याद्या संपतच नाहीत.

याद्या बाजूला ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. यादी पाठ करणाऱ्याला आठवड्यानं 'पुल ऑन' आणि 'पुल अप' यातलं काहीच नीट आठवत नाही. त्याऐवजी एकच गोष्ट धरून ठेवा. पहिला शब्द हात काय करतोय ते सांगतो आणि मागून येणारा छोटा शब्द कपडा कुठे पोचला ते सांगतो.

हात फेकतोय का, सरकवतोय, ओढतोय की खोचतोय? थ्रो, स्लिप, पुल, टक. आणि कपडा कुठे गेला? शरीरावर येऊन टेकला तर 'ऑन'. अंगच कपड्याच्या आत शिरलं तर 'इंटू'. उघडं होतं ते मिटलं, पक्कं झालं तर 'अप'. एकाच्या आत दुसरं खोचलं तर 'इन'. डोक्यावरून खाली आलं तर 'ओव्हर'. सुटून दूर झालं तर 'ऑफ', आणि अंग कपड्यातून बाहेर आलं तर 'आउट ऑफ'.

मराठीतही आपण हाताची हालचाल टिपतोच. चप्पल पायात 'सरकवतो', शर्ट अंगात 'चढवतो', शाल अंगावर 'टाकतो', मफलर 'गुंडाळतो', निऱ्या 'खोचतो'. ही क्रियापदं तुमच्या जिभेवर आहेत, म्हणजे इंग्रजीतल्या जोड्यांमागचं निम्मं चित्र तुमच्यापाशी आधीच तयार आहे.

'थ्रो ऑन' म्हणजे कपडे फेकायचे का?

फेकायचे नाहीत, पण हालचाल तीच. दाराशी टांगलेलं जॅकेट ओढलं, एका झटक्यात पाठीवर घेतलं, दुसरा हात बाहीत शिरेपर्यंत जिना अर्धा उतरलेला. 'आय थ्रू ऑन अ जॅकेट अँड रॅन फॉर द बस.' (हे 'थ्रू' म्हणजे 'थ्रो'चा भूतकाळ.) काय घालतोय याचा फार विचार केला नाही, आरशात पाहिलं नाही, हे दोन्ही या क्रियापदात आपोआप येतं.

म्हणून ते ढगळ, वरून घ्यायच्या कपड्यांबरोबर शोभतं. जॅकेट, टी-शर्ट, कुर्ता, गाऊन, शाल. 'थ्रो ऑन सम क्लोद्ज', काहीतरी घाल आणि चल, हे तर रोजचं वाक्य. टायबरोबर मात्र ते जुळत नाही, कारण टायची गाठ मारायला निवांतपणा लागतो. घट्ट मोज्यांचंही तेच, ते फेकून चढत नाहीत.

एक सावधगिरी घ्या. स्वतःबद्दल म्हणालात तर तो विनय होतो. कुणी ड्रेसचं कौतुक केलं की 'ओह, इट्स जस्ट समथिंग आय थ्रू ऑन' म्हणतात, 'अगं काही नाही, सहज घातला'. समोरच्याला 'डिड यू जस्ट थ्रो दॅट ऑन?' असं विचारलंत तर त्याला लागेल, कारण तुम्ही विचार न करता आलात असा त्याचा अर्थ होतो. लग्नाच्या हॉलमध्ये तर नकोच.

याची भावंडंही आहेत. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन बोलीत 'चक ऑन' ऐकू येतं, जरा जास्तच सलगीचं. 'फ्लिंग ऑन' आणि 'स्लिंग ऑन' यात घाई आणखी वाढते. 'पॉप ऑन' हे ब्रिटिश लोकांचं गोड, लाडानं बोलायचं क्रियापद. नर्स पेशंटला म्हणते, 'पॉप धिस गाऊन ऑन फॉर मी.' तिकडे मुलांना पाळणाघरात सोडणाऱ्या आई-बाबांना 'पॉप युअर वेलीज ऑन' रोज ऐकू येतं. 'वेलीज' म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी पावसाळी बूट. समजायला सगळी शिका, बोलायला सुरुवातीला 'थ्रो ऑन' पुरे.

'स्लिप ऑन', 'स्लिप इंटू' आणि 'पुल ऑन', तिन्ही म्हणजे घालणंच ना?

घालणंच, पण तीन वेगळ्या हातांनी.

'स्लिप ऑन'मध्ये काही अडत नाही. सपाता, अंगठी, कार्डिगन, मोकळा कोट. नाडी नाही, बक्कल नाही, पाय घातला की झालं. म्हणूनच नाडी नसलेल्या बुटांना 'स्लिप-ऑन्स' म्हणतात. 'शी स्लिप्ड ऑन हर सँडल्स अँड वेंट डाउन टू गेट द मिल्क.' उच्चार 'स्लिप्ट' असा होतो, शेवटी हलका 'ट'.

'स्लिप इंटू'मध्ये नजर कपड्यावरून अंगाकडे जाते. ड्रेसमध्ये अलगद शिरणं. याला तोडता येत नाही. 'स्लिप द ड्रेस इंटू' असं होत नाही, 'स्लिप इंटू द ड्रेस'च. आणि 'लेट मी स्लिप इंटू समथिंग मोअर कम्फर्टेबल' हे वाक्य जपून वापरा. सिनेमांनी त्याला इतका शृंगारिक वास लावून ठेवलाय की ऑफिसच्या सहलीत ते उच्चारलं तर मान वळतील. तिथे 'आय विल जस्ट गेट चेंज्ड' म्हणा.

'पुल ऑन'मध्ये जोर लागतो. मोजे, बूट, जीन्स, स्वेटर. काहीतरी घट्ट आहे आणि तुम्ही ते ओढताय. आपल्याकडे स्वेटरला 'पुलओव्हर' म्हणायची पद्धत होती, तो शब्द याच हालचालीतून आला, डोक्यावरून ओढून घ्यायचा म्हणून. जोर आणखी वाढला की 'स्क्वीझ इंटू', 'रिगल इंटू', 'स्ट्रगल इंटू'. दिवाळीनंतर जुन्या जीन्सपुढे उभं राहून बरेच जण म्हणतात ते असं, 'आय कॅन बेअरली स्क्वीझ इंटू दीज.'

'पुल अप' वेगळं. कपडा अंगावर आहेच, घसरलाय, तो वर घ्यायचा. 'पुल युअर सॉक्स अप', मोजे वर घे. हेच वाक्य ब्रिटिश शिक्षक अभ्यासाबद्दलही वापरतात, 'आता जरा मनावर घे' अशा अर्थानं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ते दिसलं तर मोजे बघायला जाऊ नका.

'थ्रो इट ऑन' बरोबर की 'थ्रो ऑन इट'?

'थ्रो इट ऑन'. इथे सगळ्यात जास्त गुण जातात, बोलताना सगळ्यात जास्त अडखळणंही इथेच होतं, म्हणून सावकाश सांगते.

कपड्याचं नाव घेतलंत तर दोन्ही जागा मोकळ्या आहेत. 'पुट ऑन युअर कोट' आणि 'पुट युअर कोट ऑन', दोन्ही बरोबर, अर्थही सारखाच. नावाऐवजी 'इट', 'देम' आलं की ते मध्येच बसतं. 'पुट इट ऑन.' 'टेक देम ऑफ.' 'डू इट अप.' 'पुट ऑन इट' म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, कशावर काय ठेवायचं म्हणून.

कपड्याचं वर्णन लांबलं तर छोटा शब्द आधी उरकून घ्या. 'ही पुल्ड ऑन द ओल्ड वूलन स्वेटर हिज आजी हॅड निटेड.' इथे 'ऑन' शेवटी टाकलंत तर वाक्य संपेपर्यंत दम लागेल.

'इंटू' आणि 'आउट ऑफ'ला हा नियम लागत नाही. 'आय स्लिप्ड इंटू इट', 'शी चेंज्ड आउट ऑफ देम'. ही जोडी फुटत नाही.

कान तयार करायला एक युक्ती आहे. 'पुट इट ऑन' म्हणताना जोर शेवटच्या 'ऑन'वर पडतो आणि 'इट' जवळजवळ गिळलं जातं, 'पुटिट् ऑऽन'. आपण मराठी वळणानं तिन्ही शब्द सारख्या वजनानं म्हणतो, म्हणून ऐकताना ते ओळखू येत नाहीत. दहा वेळा मोठ्यानं म्हणा. चुकीचा क्रम मग जिभेलाच खटकायला लागतो.

बटन लाव, चेन लाव, नाडी बांध, याला इंग्रजीत काय म्हणायचं?

या सगळ्याला एकच उत्तर आहे, 'डू अप'. माझ्या मते हे क्रियापद पाचवीच्या पुस्तकात असायला हवं, इतकं ते उपयोगाचं आहे आणि इतकं ते आपल्याकडे दुर्लक्षित आहे. 'डू अप युअर बटन्स', 'डू युअर झिप अप', 'कॅन यू डू अप माय ड्रेस?', 'डू युअर लेसेस अप'. पुण्यात दुचाकीवर मागे बसलेल्या परदेशी मैत्रिणीला हेल्मेटचा पट्टा लावायला सांगायचा असेल तरी हेच चालतं, 'डू द स्ट्रॅप अप'. अमेरिकेत लोक नेमकं नाव घेणं पसंत करतात, 'बटन अप', 'झिप अप'. ब्रिटिशांचं 'डू अप'वाचून पान हलत नाही.

आपल्या बोलण्यातले तीन प्रयोग मात्र तिकडे पोचत नाहीत, ते नीट बघा.

पहिला, 'चेन'. आपण पँटची चेन, बॅगेची चेन म्हणतो. इंग्रजीत 'चेन' म्हणजे साखळी, सोन्याची नाहीतर सायकलची. ब्रिटिश 'झिप' म्हणतात, अमेरिकन 'झिपर'. 'झिपर' हे नाव अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीनं १९२३ साली आपल्या रबरी बुटांसाठी वापरलं आणि पुढे ते बंदालाच चिकटलं. सरकपट्टी वर जातानाचा 'झिप्' आवाज त्या नावात आहे.

दुसरा, 'इन'. शाळेच्या प्रार्थनेला 'शर्ट इन करा' ही आरोळी आपण सगळ्यांनी ऐकलीय, आणि 'इनशर्ट' तर मराठीच झालाय. इंग्रजीत शर्ट 'टक' करतात. 'टक युअर शर्ट इन.' बाहेर काढलेला असेल तर 'अनटक्ड'.

तिसरा, 'फोल्ड'. बाह्या आपण फोल्ड करतो, ते 'रोल अप' करतात. 'ही रोल्ड अप हिज स्लीव्ह्ज.' पसरट घडी घालायची असेल तर 'फोल्ड', वर वर गुंडाळत न्यायचं असेल तर 'रोल'.

आता उलटं. 'डू अप'च्या विरुद्ध 'डू डाउन' नाही. 'अनडू', 'अनझिप', 'अनबटन'. आपोआप सुटलं असेल तर 'कम अनडन'. 'युअर लेस हॅज कम अनडन', तुझी नाडी सुटलीय. रस्त्यात अनोळखी माणसालाही हे वाक्य आपुलकीनं सांगता येतं.

साडी नेसण्याला काय म्हणायचं? 'थ्रो ऑन अ सारी' चालेल?

पाचवारी असो की नऊवारी, निऱ्या मोजून घ्याव्या लागतात, पदर काढावा लागतो. ती अंगावर फेकून होत नाही, म्हणून 'थ्रो ऑन' तिथे विसंगत वाटतं. सरळ 'पुट ऑन अ सारी' म्हणा किंवा 'ड्रेप' म्हणा. टप्पे सांगायचे असतील तर ही क्रियापदं कामाला येतात. 'रॅप इट अराउंड युअर वेस्ट', कमरेभोवती गुंडाळ. 'टक द प्लीट्स इन', निऱ्या खोच. 'ब्रिंग द एंड ओव्हर युअर लेफ्ट शोल्डर', पदर डाव्या खांद्यावरून घे. नऊवारीसाठी आणखी एक लागतं, 'टक इट इन ॲट द बॅक', काष्टा मागे खोच. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मंडळाच्या गणपतीला बिगरमराठी मैत्रिणीला साडी नेसवणाऱ्या बायकांना हे शब्द दर वर्षी लागतात.

शिवलेली नऊवारी मिळते हल्ली. तिच्यात पाय घालून वर घ्यायची, तर तिला 'स्टेप इंटू' आणि मग 'पुल अप', आणि हुक लावायचे तर अर्थात 'डू अप'.

ओढणीला आणि शालीला 'थ्रो' छान बसतं. 'शी थ्रू अ शॉल ओव्हर हर शोल्डर्स.' इथे आपलं 'अंगावर शाल टाकली' अगदी जवळ येतं.

थंडीच्या देशात 'रॅप अप' आणि 'बंडल अप' सतत ऐकू येतं. फरक काय?

देशाचा. 'रॅप अप वॉर्म' ब्रिटनमध्ये, 'बंडल अप' अमेरिका-कॅनडात. नीट पांघरून-गुंडाळून बाहेर पड, असा अर्थ. एकावर एक कपडे चढवायचे तर 'लेयर अप'. 'रॅप अप'चा मीटिंगमधला अर्थ वेगळा, तिथे ते काम आटोपण्याबद्दल असतं. संदर्भ बघितला की गोंधळ होत नाही.

आणि काढण्याचं काय? मी नेहमी 'रिमूव्ह' म्हणतो.

'रिमूव्ह' चूक नाही, पण ते पाटीवरचं इंग्रजी आहे. 'प्लीज रिमूव्ह युअर शूज' देवळाबाहेर लिहिलेलं असतं. घरात पाहुण्याला 'यू कॅन टेक युअर शूज ऑफ हिअर' म्हटलं की आपलेपणा येतो.

घाईचं रूप इथेही आहे. 'किक ऑफ', हात न लावता टाचेनं बूट झटकणं. शाळेतून आलेलं मूल दारातच करतं ते. 'स्लिप ऑफ' म्हणजे अलगद काढणं, 'पुल ऑफ' म्हणजे ओढून. आणि जुलैत मुंबईत लोकलमधून उतरून चिंब होऊन घरी आलात, शर्ट पाठीला चिकटलाय, तो सोलून काढावा लागतोय, त्याला 'पील ऑफ' इतकं नेमकं दुसरं काही नाही. 'ही पील्ड ऑफ हिज वेट शर्ट.' आई म्हणेल, 'गेट आउट ऑफ दोज वेट क्लोद्ज', आधी ते ओले कपडे बदल.

'ड्रेस अप' म्हणजे तयार होणं ना?

ही चूक फार खोल रुजली आहे. रोज सकाळी ऑफिससाठी आपण 'ड्रेस अप' होत नाही, 'गेट ड्रेस्ड' होतो. 'ड्रेस अप' म्हणजे नटणं-थटणं, लग्नकार्यासाठी ठेवणीतलं काढणं, किंवा मुलांनी शिवाजी महाराज, मावळा, परी असा वेश करणं. 'आय ड्रेस्ड अप ॲट सेव्हन अँड वेंट टू वर्क' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल आज ऑफिसात काही समारंभ होता.

उलट बाजूला 'ड्रेस डाउन', साधे, सैल कपडे घालणं, काही कंपन्यांत शुक्रवारी असतं तसं. 'ड्रेसिंग-डाउन' हे नाम मात्र खरडपट्टीसाठी आहे.

'आवरलं का?' या आपल्या प्रश्नात आंघोळ, कपडे, केस, डबा भरणं सगळं येतं. इंग्रजीत तितकं पोटात घेणारा शब्द 'रेडी'. 'आर यू रेडी?' आणि उशीर होत असेल तर 'हरी अप अँड गेट ड्रेस्ड!' फक्त कपड्यांबद्दल विचारायचं असेल, म्हणजे दार उघडू का असं, तर 'आर यू ड्रेस्ड?'

'डॉन' हा शब्द जहाजाच्या ट्रेनिंगमध्ये ऐकला. तो गुंडांचा 'डॉन' का?

नाही, आणि हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात फ्रेझल व्हर्बचा पूर्वज दडलेला आहे. जुन्या इंग्रजीत कपडा घालण्याला 'डू ऑन' आणि काढण्याला 'डू ऑफ' म्हणत. बोलता बोलता दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि 'डॉन' आणि 'डॉफ' उरले. म्हणजे सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी लोक 'डू' आणि 'ऑन' जोडून तेच करत होते, जे आज आपण 'पुट' आणि 'ऑन' जोडून करतो.

रोजच्या बोलण्यात 'डॉन' आता भारदस्त वाटतं. पण जिथे वेळेत कपडा चढवण्यावर जीव अवलंबून असतो तिथे ते ठणठणीत जिवंत आहे. मर्चंट नेव्हीतल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या मुलांना ते पहिल्याच सुरक्षा प्रशिक्षणात भेटतं. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की लाइफजॅकेट कधीच न पाहिलेल्या माणसांपैकी किमान ७५ टक्के जणांना ते कुणाच्या मदतीशिवाय, कुणी न दाखवता, १ मिनिटात नीट 'डॉन' करता आलं पाहिजे. थंड पाण्यात शरीराची ऊब टिकवणारा इमर्शन सूट एकट्यानं २ मिनिटांत. झटपट कपडे घालण्याची याहून कडक परीक्षा कुठली असेल?

२०२० मध्ये कोविड वॉर्डांबाहेर 'डॉनिंग' आणि 'डॉफिंग' अशा खोल्यांच्या पाट्या लागल्या, तेव्हा हा शब्द आपल्या डॉक्टर-नर्सच्या तोंडी आला. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र जोडशब्दच चालतात. 'स्क्रब अप' म्हणजे हात निर्जंतुक करणं, 'गाऊन अप' म्हणजे निर्जंतुक गाऊन चढवणं, 'ग्लव्ह अप' म्हणजे हातमोजे.

विमानातली सूचना मात्र साध्या भाषेत असते, कारण ती घाबरलेल्या माणसाला कळायला हवी. 'पुट ऑन युअर ओन मास्क बिफोर हेल्पिंग अदर्स.' आणि लाइफजॅकेटसाठी 'स्लिप इट ओव्हर युअर हेड'. पुढच्या प्रवासात कान देऊन ऐका, या पानावरची निम्मी क्रियापदं तिथे भेटतील.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे स्लँग का? परीक्षेत लिहिलेलं चालतं?

स्लँग नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच त्यानं लिहून ठेवलं होतं की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्यांना सगळ्यात अवघड तीच जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापील रूपात आलं १९२५ साली, लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाच्या हातून. हे नाव त्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं.

परीक्षेचं म्हणाल तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, बोलण्याच्या म्हणजे स्पीकिंगच्या भागात बिनधास्त वापरा, नैसर्गिक बोलण्याला तिथे मान आहे. निबंधात 'पुट ऑन', 'टेक ऑफ' चालतात. 'चक ऑन' आणि 'पॉप ऑन' बोलण्यापुरतेच ठेवा.

'पुट ऑन वेट' मध्येही 'पुट ऑन' आहे. मग अर्थ कसा ओळखायचा?

मागे कोणता शब्द आलाय ते बघा. कपडा असेल तर घालणं, 'वेट' असेल तर वजन वाढणं, 'लाइट' असेल तर दिवा लावणं, 'ॲन ॲक्सेंट' असेल तर उसना उच्चार काढणं. 'हॅव ऑन'चं मात्र सांभाळा. 'यू आर हॅविंग मी ऑन' म्हणजे तू माझी फिरकी घेतोयस, आणि हा प्रयोग ब्रिटिश आहे.

सराव कसा करावा?

कपडे घालताना. पुस्तक नको, ॲप नको. सकाळी जे करताय ते मोठ्यानं इंग्रजीत बोला, त्याच क्षणी, हात चालू असताना. नमुना म्हणून एका पावसाळी सकाळचं बोलणं देते. आई आणि तिसरीतला मुलगा, शाळेची बस खाली हॉर्न देतेय.

'ओम, गेट अप! गेट आउट ऑफ दोज पायजमाज. हिअर, पुल युअर शॉर्ट्स ऑन. नो, टक द शर्ट इन फर्स्ट, देन डू द बटन अप.'

'आई, द सॉक इज वेट.'

'टेक इट ऑफ देन. पुल दीज ऑन. नाऊ युअर शूज. डोंट जस्ट स्लिप देम ऑन, डू द लेसेस अप.'

'द बस इज हिअर!'

'थ्रो युअर रेनकोट ऑन. यू कॅन डू इट अप ऑन द स्टेअर्स.'

यातला ओला मोजा बघा. 'टेक इट ऑफ', लगेच 'पुल दीज ऑन', मग 'स्लिप देम ऑन' नको म्हणून 'डू द लेसेस अप'. एकाच पायाभोवती चार क्रियापदं फिरली आणि प्रत्येक वेळी हात वेगळं काहीतरी करत होता. घरात लहान मूल असेल तर त्याच्याशी हा खेळ खेळा. मुलं क्रम चुकवत नाहीत, कारण ती ऐकून बोलतात. एकटे असाल तर आरशासमोर स्वतःलाच हुकूम सोडा.

चष्मा, घड्याळ, अत्तर, टिकली, गजरा, या सगळ्याला 'पुट ऑन' चालतं?

बहुतेक सगळ्याला. मराठीत चष्मा लावतो, घड्याळ बांधतो, बांगड्या भरतो, टिकली लावतो, अत्तर लावतो. इंग्रजीत चष्मा, घड्याळ, बांगड्या, परफ्यूम, लिपस्टिक, टिकली, सगळं 'पुट ऑन'. आणि अंगावर असेपर्यंत 'वेअर', अगदी परफ्यूमसुद्धा. 'व्हॉट परफ्यूम आर यू वेअरिंग?' सीट बेल्टलाही 'पुट ऑन' चालतं, अमेरिकेत 'बकल अप' जास्त.

केस मात्र या गटात नाहीत. वर बांधायचे तर 'पुट युअर हेअर अप', मागे बांधायचे तर 'टाय इट बॅक'. गजऱ्यालाही 'ऑन' नको, कारण तो केसांत माळतात. 'शी पुट अ स्ट्रिंग ऑफ जॅस्मिन इन हर हेअर', आणि माळून झाल्यावर 'शी वोअर जॅस्मिन इन हर हेअर'.